करवंदे आणि बावीस तारीख

उंबरघळ गावात लाल गराचे करवंद चावले की ते आरवते, आणि ते आरवले की उजाडते. लाल गराला कोंबडा व पांढऱ्याला कोंबडी म्हणण्याचा मुलांचा खेळ इतरत्रही आहे. आमच्याकडे त्यातून एवढे जास्त होते. सूर्य असेल तेथून पूर्वेच्या डोंगरावर परत येतो आणि ग्रामसेवक मुळीक फळ्यावर पुढली तारीख लिहितात. पांढरे निघाल्यास काही होत नाही.

माझी थोरली बहीण अक्का बारा वर्षांनी सुरतेहून माहेरी आली, ती चौदा मे रोजी. परतीचे तिकीट बावीसचे होते. वय अठ्ठ्याहत्तर. पुन्हा येणे होईल असे दोघांनाही वाटत नव्हते.

पंधरा तारखेला तिने करवंदांची टोपली मांडीवर घेतली. पहिलेच करवंद आरवले.

"सोळा," कुंपणाबाहेरून मुळीक म्हणाले.

मी टोपली उचलू लागलो. "अक्का, सहाच दिवस उरले. जपून खा."

"मी करवंदं खायला आले की तारखा राखायला? ठेव खाली! वाचून वाचून एवढंच शिकलास होय?"

मी सुचवले की आधी रंग ओळखावा आणि कोंबडीची खात्री वाटली तरच खावे. तिने एक करवंद उजेडात धरले. "कोंबडी," ती ठामपणे म्हणाली. ते आरवले.

"चुकलं!" ओठांवरचा चीक पुसत ती खुदकन हसली.

सतरा तारखेच्या चहानंतर मी मुळीकांना विचारले, "पांढरे निघाल्यास एखादा दिवस परत मिळतो काय?"

त्यांनी वही चाळली. "अण्णा, कोंबडीचा रकानाच नाही. अर्ज द्या, वर पाठवतो."

"उत्तर किती दिवसांत येईल?"

मुळीकांनी टोपलीकडे पाहिले. "ते अक्कांवर आहे."

त्या आठवड्यात आम्ही सकाळचा चहा सात वेळा घेतला आणि जेवलो एकदाही नाही. जाळीत परकर अडकून फाटल्याची जुनी हकिकत अक्का अठराला सांगू लागली, ती वीसला संपली. मी बिनचूक ऐकली. मात्र करवंद एकही खाल्ले नाही.

एकवीसला तिने एक माझ्यापुढे धरले. "खा रे विशू. परीक्षेला बसल्यासारखं तोंड करून काय बसलायस?"

"नको, अक्का."

"माझ्यासाठी."

मी खाल्ले. फार गोड होते. ते माझ्या तोंडातच आरवले.

सहाची एसटी वेळेवर आली. उरलेली करवंदे अक्काने पदरात बांधून घेतली. "पोचले की फोन करते," ती खिडकीतून म्हणाली. गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत त्याच खिडकीतून तीनदा आरवणे ऐकू आले, आणि मुळीकांनी फळ्यावर तेवीस, चोवीस, पंचवीस लिहिले.

रस्त्यावरची धूळ अजून खाली बसलेली नव्हती. अक्काला जाऊन तीन दिवस झाले, तरी फोन का आला नाही, याची मला काळजी वाटू लागली.