हत्ती, खडूची रेघ आणि मी

सूचनापुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी माणसं फार थोडी असतात, आणि ती आहेत म्हणूनच बाकीच्यांची बोटं जागेवर आहेत, असं माझं ठाम मत आहे. आमच्या घरात हे खातं माझ्याकडे आहे. मिक्सरची पुस्तिका मी वाचलीय, बाबागाडीची वाचलीय, एवढंच काय, भिंतीवरच्या घड्याळाचीही वाचलीय. त्यामुळे मोठ्या भाऊजींनी त्यांचं पानं ओढायचं यंत्र आणून दिलं, तेव्हा मी आधी हात पुढे केला तो पुस्तिकेसाठी.

यंत्र पेट्रोलवर चालणारं. पुढे लांब सोंड, पोटात पानांचा भुगा करणारी पाती आणि मागे लोंबणारी भलीमोठी पिशवी. घरात त्याचं नाव लगेच ‘हत्ती’ पडलं.

हत्ती आणायचं कारण आमची ढमी. ती नुकती चालायला लागलीय आणि अंगणातलं प्रत्येक पान खाऊन बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही. शिवाय शनिवारी दुपारी मावशी येणार होत्या. सोमवारपासून मला ऑफिसला जायचं होतं, रजा संपली होती, आणि ढमीला सांभाळायला मावशी हो म्हणाल्या तरच माझी नोकरी राहणार होती. या मावशी मूल बघायला येतात असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्या आई बघतात. औषधाची बाटली टेबलावर दिसली म्हणून त्या एका घरातून चहाही न घेता उठल्या होत्या. अशा बाईंना पानांनी भरलेलं अंगण दाखवायचं म्हणजे परीक्षेला कोरा पेपर देण्यासारखंच.

यंत्र नवऱ्यानं चालवायचं ठरलं. मी त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड हातमोजे, बूट, डोळ्यांवर मोठा चष्मा आणि कानांवर आवाज अडवणारी झाकणं अशा थाटात उभा केला.

“पानं गोळा करायचीत ना? की बँक लुटायचीय?” त्यानं विचारलं.

“पुस्तिकेत लिहिलंय.”

“दादा बनियनवर चालवतो.”

“म्हणून त्यांच्या बनियनला भोकं आहेत.”

मग मी अंगणात खडूनं एक लांबलचक रेघ ओढली. यंत्र चालू असताना रेघेच्या आत कुणीही यायचं नाही. सासूबाई आणि ढमी तर घरातच, खिडक्या बंद. नवरा सहज रेघ ओलांडून मोबाइल घ्यायला आला, तेव्हा यंत्र बंद असूनही मी त्याला असा झापला की तो लहान मुलासारखा परत रेघेवर जाऊन उभा राहिला.

“आता मी चालवणार कसा? यंत्र रेघेच्या आत आहे,” तो म्हणाला.

चालवणाऱ्याला सूट आहे, असं मी जाहीर केलं.

त्यानं दोरी ओढली. हत्ती गप्प. पुन्हा ओढली. हत्ती नुसता ढेकर दिल्यासारखा खाकरला. नवऱ्याचा चेहरा टोमॅटोला मागे टाकायला लागला, तेव्हा मला आठवलं.

“अरे, टाकीत पेट्रोल नाही. घरात लहान मूल म्हणून मी काढून ठेवलं.”

“हे आत्ता सांगतेस?”

मी बाहेरच्या कपाटातून डबा आणला. ऑइल मिसळलेलं पेट्रोल थेंबही न सांडता भरलं, डबा लांब नेऊन ठेवला. त्यानं पुन्हा ओढाओढ सुरू केली. हत्ती तसाच.

“अगं, हा मेलाय,” तो धापा टाकत म्हणाला.

“मेला नाही. ठिणगी देणाऱ्या प्लगची टोपी मी काढून ठेवलीय. ढमीनं दोरी ओढली असती तर?”

“ढमीला स्वतःचा मोजा ओढता येत नाही!”

“सावध असलेलं बरं.”

टोपी सापडायला वेळ लागला, कारण ती मी फार सुरक्षित जागी ठेवली होती. ती डाळीच्या डब्याच्या मागे सासूबाईंना मिळाली. टोपी बसवली आणि नवऱ्यानं उरलेला सगळा राग त्या दोरीवर काढला. हत्ती चीत्कारला आणि त्याच क्षणी नवरा कळवळला. त्याचा खांदा लचकला होता. हत्ती बंद करून तो वाकडा होऊन पायरीकडे निघाला.

“रेघेच्या पलीकडे बस,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर लग्नाच्या अल्बममध्ये कुठेही नाही.

मावशी यायची वेळ झाली होती. मी शहाण्यासारखी सगळी सामग्री स्वतःच्या अंगावर चढवली. केस टोपीत कोंबले. सुरू करण्याआधी पिशवी तपासायची असते, म्हणून तिची चेन उघडून आत डोकावले. काही अडकलेलं नव्हतं. मग हत्ती सुरू केला आणि कामाला लागले.

काय सांगू, पानं अशी नाहीशी होत होती! कानांवर झाकणं असल्यामुळे जगात शांतता होती, चष्म्यावर वाफ धरल्यामुळे जग थोडं धूसरही होतं. इतकी पानं ओढूनही पिशवी पिसासारखी हलकी होती. पानांचा भुगा फार थोड्या जागेत मावतो असं पुस्तिकेत लिहिलंच होतं. इतक्या थोड्या जागेत मावत असेल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

खिडकीकडे नजर गेली. सासूबाई काचेवर दोन्ही हातांनी थापा मारत होत्या. ढमीही थापा मारत होती. मी त्यांना हात केला. रेघेवर नवरा उभा राहून धड असलेला हात हवेत जोरजोरात फिरवत होता. मघाचा राग विसरून हा मला प्रोत्साहन देतोय, या विचारानं मला भरून आलं. त्याच्याशेजारी आणखी एक आकृती दिसली, तीही हात हलवत होती. मी दोघांना अभिवादन करून वळले आणि दुसरी बाजू घेतली.

वळल्यावर पिशवीचं तोंड कुणाकडे झालं, हे मला यंत्र बंद करून चष्मा काढल्यावर कळलं.

मी चेन उघडली होती. ती लावली मात्र नव्हती. पुढून ओढलेलं प्रत्येक पान हत्तीनं बारीक दळून मागे फेकलं होतं. अंगण, पायरी, वाळत घातलेले ढमीचे कपडे, सगळ्यावर तपकिरी भुगा. नवरा मसाल्यात घोळवून तळायला काढल्यासारखा दिसत होता. आणि त्याच्या शेजारी, तितक्याच सढळ हातानं घोळवलेल्या, मावशी.

“अरे, तू येऊन मला थांबवायचंस ना!” मी ओरडले.

“कसा येणार?” तो थंडपणे म्हणाला. “रेघ आहे.”

“यांनी मलाही येऊ दिलं नाही,” मावशी म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडातून थोडा भुगा बाहेर आला.

सोमवार, ऑफिस, नोकरी, सगळं त्या भुग्यासारखं डोळ्यांसमोर उडालं. तेवढ्यात सासूबाई दार उघडून धावत आल्या, त्यांच्या मागून ढमी. मी यंत्रापुढे आडवी उभी राहिले. “आई, तिला धरा, इंजिन तापलंय! प्लगची टोपी काढायचीय! मावशी, तुम्ही डोळे चोळू नका, धुवा! अरे, तू पेट्रोलच्या डब्यापासून लांब हो!”

या गोंधळात ढमीनं मावशींचा पदर धरला, त्यावरचा एक पानाचा तुकडा वेचला आणि तोंडात टाकला. मी किंचाळले. मावशींनी खाली वाकून बोट घातलं, तुकडा काढला, पदराला पुसला आणि ढमीला कडेवर घेतलं. ढमी हसली. मावशी हसल्या नाहीत.

त्या घरात आल्या, तोंड धुतलं, चहा घेतला. मी समोर उभी होते, अजून बुटांत, टोपीत, गळ्यात चष्मा लोंबत.

“सोमवारपासून तुम्ही ऑफिसला नक्की जाणार ना?” त्यांनी विचारलं.

“हो, नक्की.”

“रोज?”

“रोज.”

“मधूनच दुपारी घरी बघायला वगैरे येणार नाही?”

“नाही हो,” मी म्हटलं.

मावशींनी कप खाली ठेवला. “मग जमेल मला. पोर गुणी आहे. पण तुम्ही सुट्टी घेतलीत तर मी त्या दिवशी येणार नाही. मी एकच मूल सांभाळते.”

मी आनंदानं नवऱ्याकडे बघितलं. तो खांद्याला शेक देत भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याची पाठ मात्र हसत होती.

सासूबाई मावशींना दारापर्यंत सोडायला गेल्या. मावशींच्या केसांतला भुगा झटकत, अगदी काकुळतीला येऊन त्या हळूच विचारत होत्या, “आणि रविवारी आम्ही काय करायचं हो?”