गौराक्का आणि केविन

आमच्या पेठेतल्या गौराक्काला नावं ठेवायचा नाद होता, आणि तो दोन्ही अर्थांनी. पेठेतली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. त्यामुळं बारशाला पाळण्याशी पहिला मान तिचा, आणि ठरलेलं नाव काही तिला पसंत पडायचं नाही.

"भीमराव? पोरगं बघा की, पडवळासारखं!"

माझ्या थोरल्याचं पुरुषोत्तम ठरलं होतं. "हाक पुरी हुईस्तवर पोर विहिरीत पडंल की रे!" म्हणाली. मग मधू ठेवलं. मी काय बोलणार? मधूची आई त्या बाळंतपणातून वाचली ती अक्कामुळं.

मी गिरणीत कारकून. आमचा विणाई खात्याचा साहेब आयरिश होता. त्याला कुणी इंग्रज म्हटलं की असा भडकायचा, जणू तोच खादी घालून फिरतोय. एका दुपारी तो धावतच कचेरीत आला. मडम अडली होती आणि डॉक्टर परगावी. मी टांगा केला, अक्काला घेतलं आणि बंगला गाठला. अक्का आत, मी व्हरांड्यात दाराआडून दुभाषा.

"वरडू नको म्हणावं, कळ दे! सांग की रे लवकर!"

"कळ दे"ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला कुठलं ठाऊक? काहीबाही सांगितलं. मडमेला कळलं असावं. मूल झालं, पण आवाज नाही. आतून फक्त अक्काची माहेरची कानडी ऐकू येत होती, "अळो मगा, अळो!" रड रे बाळा, रड. साहेबानं माझा दंड घट्ट धरला. शेवटी पोर रडलं, आणि पाठोपाठ साहेबही.

बाराव्या दिवशी मडमेनं अक्काला मुद्दाम बोलावलं. मुलाचं नाव ठरलं होतं केविन.

"केविन?" अक्कानं नाक मुरडलं. "केविलवाणं वाटतंय की! देवाचं तरी हाय का इचार."

मडम म्हणाली, त्यांच्या देशात या नावाचा एक साधू होऊन गेला. नाव त्यांच्याच भाषेतलं. अर्थ, सुंदर जन्म.

"सुंदर? निळं पडलं हुतं पोर. म्या बघितलंय!"

"मीही बघितलंय," मडम म्हणाली. "तरी तो या बाईंच्या हातात रडला. याहून सुंदर काय असतं?"

मी ते मराठीत सांगितलं. मडमेनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि मला म्हणाली, "तुमच्यात कानात नाव सांगतात ना? यांनीच सांगू दे."

अक्का वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "केविन." मग मान वर करून डोळे मिटले आणि तेच नाव पुन्हा एकदा घेतलं, अगदी हळू.

परत येताना टांग्यात मी विचारलं, "अक्का, दोनदा का?"

ती रस्त्याकडं बघतच म्हणाली,

"माझं एक हुतं. पयलंच. ते रडलंच न्हाय. न रडलेल्याला कोण नाव ठिवतंय रे?" पदरानं तिनं तोंड पुसलं. "देखणं हुतं. लई देखणं."

घर आलं. उतरताना तिनं टांग्याचा दांडा धरून ठेवला.

"उद्या गिरणीत गेलास की सायबाला माझा नमस्कार सांग," ती म्हणाली. "आन मडमेला सांगा म्हणावं, नाव लई देखणं हाय."