शेवटच्या नंबराचं महत्त्व

एका जंगलात एक डोह होता आणि त्या डोहावर एक रांग होती. कोणतं जंगल, ते विचारू नका मुलांनो. विचारलंत तर तुमच्याच गावाचं नाव सांगावं लागेल, आणि मग तुमचे आईवडील माझ्याशी भांडायला येतील.

उन्हाळ्यात सगळं जंगल त्या डोहावर यायचं. पहिले वाघोबा. मग कोल्हे, कारण ते वाघोबांच्या ओळखीतले. मग सांबरं, मग गवे. गवे पाण्यात उभं राहून पीत आणि बाकीचे विधीही तिथेच उरकत. मग रानडुकरं. ती पिण्यापेक्षा लोळत जास्त. सगळ्यांच्या शेवटी ससे. तोवर डोहात जे काही उरे, त्याला ससे आपले सवयीनं पाणी म्हणत.

भुरी नावाच्या एका सशिणीचं धाकटं पिल्लू त्या पाण्यानं आजारी पडलं. त्याच्या पोटात काही ठरेना. कान उभे राहीनात. भुरी घाबरली आणि सरळ वाघोबांच्या गुहेत गेली. ससे सहसा तिकडे स्वतःहून जात नाहीत.

"महाराज, आम्हाला डुकरांच्या आधी पिऊ द्या," ती म्हणाली. "लेकरू हातचं चाललंय माझं."

वाघोबा गोंधळले. पोट भरलेलं असताना समोर ससा आला तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी साळिंदरपंतांना बोलावणं धाडलं. पंतांच्या मागोमाग बाकीचं जंगलही गंमत बघायला जमलं.

साळिंदरपंत दूरच्या जंगलातून समाजशास्त्र शिकून आले होते. अंगभर काटे, पण बोलणं लोण्यासारखं. विद्वत्तेबद्दल त्यांना रांगेत कोल्ह्यांच्या जोडीनं जागा मिळाली होती.

"भुरीबाई," पंत म्हणाले, "समाज म्हणजे एक शरीर. त्यात डोकं असतं, पोट असतं, शेपूटही असतं. प्रत्येक अवयवाचं काही ना काही काम असतंच. नसतं, तर तो अवयव टिकलाच नसता."

"पण पंत, पाणी घाण आहे."

"घाण म्हणू नका हो! कुणीतरी शेवटी पितं, म्हणून बाकीच्यांना आपण पुढे आहोत हे कळतं. ते कळतं, म्हणून ते भांडत नाहीत. म्हणजे जंगलात शांतता कुणामुळे? तुमच्यामुळे! सगळ्या रांगेत शेवटचा नंबर सर्वांत महत्त्वाचा. आणि शास्त्र सांगतं, महत्त्वाची जागा सर्वांत लायक प्राण्याकडेच जाते."

कोल्ह्यांनी वाहवा केली. रानडुकरांना तर गहिवरून आलं. आपल्या लोळण्यालाही काही अर्थ असेल, असं त्यांना आयुष्यात प्रथमच वाटलं.

"मग माझ्या पिलाच्या पोटदुखीचं काय काम?" भुरीनं विचारलं.

पंतांनी काटे सारखे केले. "असणार. अभ्यास करून सांगतो."

"आणि मी ही तक्रार करतेय, तिचं?"

"तिचं तर फारच मोठं! बोललं की मन हलकं होतं. आता घरी जा, बरं वाटेल."

भुरीला बरं वाटलं नाही. ही गोष्ट सांगताना दर वेळी इथं मलाही राग येतो. पण पंतांचं एक वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. प्रत्येकाचं काही ना काही काम असतं. मग सशांचं कोणतं? शेवटी पिणं? छे! ससे तर उकरतात!

तिनं सगळे ससे गोळा केले आणि कोरड्या ओढ्याच्या वाळूत झिरा खणायला घेतला. बराच वेळ नुसती वाळू. मग ओल. मग तळाशी स्वच्छ, गार पाणी पाझरू लागलं. पिल्लू पोटभर प्यालं. हळूहळू त्याचा एक कान उभा राहिला, मग दुसरा.

डोहावर मात्र अनर्थ झाला. रानडुकरांनी मागं वळून पाहिलं तर मागं कुणीच नाही. म्हणजे शेवटचे आपण! त्यांनी गव्यांना ढकललं. गव्यांनी सांबरांवर शिंगं रोखली. त्या कलकलाटात वाघोबांची दुपारची झोप उडाली.

"पंत, तुमचं शास्त्र खरं निघालं," वाघोबा म्हणाले. "ससे गेले आणि शांतता गेली."

पंतांचे काटे अभिमानानं ताठ झाले. "मी म्हणतच होतो!"

"ती जागा रिकामी ठेवून चालणार नाही."

"मुळीच नाही. भरलीच पाहिजे."

"आणि जागा सर्वांत महत्त्वाची."

"वादच नाही."

"म्हणजे ती सर्वांत लायक प्राण्याकडे जाणार."

पंत 'होय' म्हणता म्हणता थांबले. सगळी रांग त्यांच्याकडे मोठ्या प्रेमानं बघत होती.

तेव्हापासून पंत शेवटी पिऊ लागले. लवकरच ते पोट धरून झिऱ्यावर आले.

"भुरीबाई, समाज म्हणजे शरीर नव्हे हो! नुसती ओढाताण! वरच्यांनी खालच्यांना लुबाडायचं, बस्स. आजच शोध लागला मला."

"बोलून घ्या पंत," भुरी म्हणाली, "मन हलकं होतं." आणि तिनं बाजूला सरकून त्यांना जागा दिली.

पंत पोटभर प्याले. तोंड पुसलं. मग त्यांनी झिऱ्याभोवती नजर फिरवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पाणी उत्तम आहे," ते म्हणाले, "पण इथं रांग कशी नाही?"

तात्पर्य : मुलांनो, समाजातली प्रत्येक जागा महत्त्वाची असते. मात्र शेवटच्या जागेचं महत्त्व नीट दिसायला हवं असेल, तर तिच्यापासून लांब, शक्यतो वाघोबांच्या शेजारी उभं राहावं.