हप्त्यापुरते नातेवाईक

मर्यादित उत्पन्न असलेल्या माणसानेही स्थावर मालमत्तेत गुंतवणूक केलीच पाहिजे, असा निर्णय मी एका रविवारी घेतला. त्या वेळी खिशात बसच्या तिकिटापुरते पैसे होते. ही माझी अडचण नसून पात्रता आहे, असं गुंतवणूक सल्लागारांनी फी मोजून घेताना सांगितलं. ते स्वतः सासऱ्यांच्या घरात राहत.

"स्वतःचे पैसे घालतो तो गिऱ्हाईक," ते म्हणाले. "दुसऱ्याचे घालतो तो गुंतवणूकदार. घरात दुसरं कोण आहे?"

घरात आई होती. लोकांचे कपडे शिवून, पोटाला चिमटा काढून जमवलेली तिची मुदत ठेव होती. कर्जाआधी भरायची रक्कम उसनी चालत नाही, बक्षीस चालते, असा बँकेचा नियम. 'हे पैसे मी परत मागणार नाही' असं आईने लिहून दिलं. बदल्यात तिने फक्त खिडकीची खोली मागितली.

"मशीन उजेडात ठेवीन रे. सुईत दोरा ओवता येत नाही आता."

मी शब्द दिला.

घर झालं. एक खोली, हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी. पण हप्ता भरल्यावर उरलेल्या पगारात किराणा बसेना. "मग घराला कामाला लावा," सल्लागार म्हणाले. हॉल एका विमा एजंटला भाड्याने दिला. आमचं कर्ज मात्र स्वस्त होतं ते घरात फक्त कर्जदाराचं कुटुंब राहील या अटीवर. अट मोडणं माझ्या स्वभावात नाही. त्यामुळे एजंट माझा मावसभाऊ झाला. स्वयंपाकघरात रात्रपाळीची नर्स दिवसा झोपायला आली, ती बायकोची आतेबहीण. आम्ही दोघं गॅलरीत गेलो आणि फोडणी दबक्या आवाजात घालू लागलो.

मग बँकेचे साहेब तपासणीला आले.

"हे कोण?"

"मावसभाऊ."

"आणि या झोपल्यात त्या?"

"हिची आतेबहीण."

साहेबांचे डोळे पाणावले. "एकत्र कुटुंब! हल्ली बघायला मिळत नाही हो." मग मला गॅलरीत घेऊन त्यांनी आवाज खाली आणला. "भाडं काय घेता?"

मी गॅलरीचं दार लावून घेतलं.

"अहो, घाबरता काय! माझाही फ्लॅट भाड्यानेच दिलाय, हप्ता निघत नाही. मीच खोली शोधतोय. तुम्हाला चुलते चालतील?"

ज्यांच्या शेऱ्यावर आपलं कर्ज टिकून आहे, त्यांना पुतण्या नाही म्हणू शकत नाही. त्यांना हवेशीर खोली हवी होती. खिडकी एकाच खोलीला होती.

मी आईजवळ जाऊन बसलो. "आई, काका राहायला येतायत."

"कुठले काका?" तिने मशीन थांबवलं. "अरे, या घरात खरं नातं असलेली मी एकटीच."

"तेच तर ना आई. तुझ्याकडून भाडं कसं घेणार?"

मशीनवर कापड घालून तिने त्याला घट्ट गाठ मारली. कुठे जाणार ते तिने सांगितलं नाही, आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता म्हणून मीही विचारलं नाही. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्याच महिन्यात हप्ता भरून प्रथमच चार पैसे उरले, तेव्हा कुठे ते जरा आवरलं.

आता सल्लागार आपल्या वर्गात मला यशस्वी गुंतवणूकदार म्हणून व्यासपीठावर बसवतात. मी सगळं सांगतो, आईचंसुद्धा. श्रोते हळहळतात. तुम्हीही हळहळलात, मी वरून बघत होतो. शेवटी प्रश्नांसाठी वेळ असतो. आई सध्या कुठे आहे, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. परवा तुमचा हात वर झाला तेव्हा मला वाटलं, तुम्ही तेच विचारणार.

तुम्ही विचारलंत, "सासूबाईंची ठेव चालेल का?"