पेंडशांच्या ग्रीसमध्ये पाऊस फार

मी लेखिका नाही. पन्नाशी उलटल्यावर एकाएकी लेखणी हाती धरावी आणि तीही एका परक्या गृहस्थाविषयी लिहिण्यासाठी, हे माझ्यासारखीला शोभत नाही याची मला जाणीव आहे. शिवाय विषय मद्यपानाचा आहे, आणि आमच्या घरात खोकल्याचे औषधसुद्धा अपराधी चेहऱ्याने घेतात. तरी वाचकांनी सांभाळून घ्यावे. मला शेवटी एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारण्यापूर्वी पेंडसे कोण हे सांगणे भाग आहे.

पेंडसे यांनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही, आणि दारूशी संबंध नसलेला एकही ग्रीक शब्द त्यांना येत नाही.

याचे कारण साधे आहे. टोकियोतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना प्राचीन ग्रीकांच्या जीवनावरचे एक इंग्रजी पुस्तक सापडले. त्याची शिवण उसवलेली होती. देव, युद्धे, शेती हे सारे गळून गेले होते आणि मेजवानीचे प्रकरण तेवढे शिल्लक होते. ते त्यांनी कोतोहून, म्हणजे टोकियोतल्या आमच्या वस्तीतून, ऑफिसला जातायेता गाडीत उभ्याउभ्या पाठ केले. परिणामी ग्रीकमध्ये त्यांना भाकरी मागता येत नाही, रस्ता विचारता येत नाही. पण वाईन गाळण्याच्या गाळणीला 'एथ्मोस' आणि दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीला 'क्राइपाले' म्हणतात, हे ते झोपेतही सांगतील.

आमचे हे आणि पेंडसे एकाच कंपनीत. पेंडसे टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकून काढणारे. एकटेच राहत, आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. लग्नाचा विषय मी एकदा भीतभीत काढला, तेव्हा म्हणाले, "राहून गेलं, वहिनी. बराच काळ टेस्टिंगमध्ये होतं."

ऑफिसच्या नोमिकाईत, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्यायला बसण्याच्या कार्यक्रमात, पेंडसे ऊलाँग चहाचा पेला घेऊन बसत. एकदा त्यांचे साहेब साइतो-सान नुसती व्हिस्की घेत होते. पेंडसे अदबीने झुकून म्हणाले, "साइतो-सान, याला अक्रातोस म्हणतात. पाणी न घालता पिणाऱ्याला ग्रीक लोक रानटी समजत."

आमच्या ह्यांना आपल्या दोघांचे व्हिसा डोळ्यांसमोर दिसू लागले. साइतो-साननी पेला खाली ठेवला आणि विचारले, "मग किती घालावं?"

तेव्हापासून साहेबांच्या पेल्यात पाणी किती, हे पेंडसे ठरवू लागले. ऑफिसात इतर कोणत्याही विषयावर त्यांचे मत कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

आमच्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी कोकम सरबत करण्याचे काम मागून घेतले. कुकरच्या भांड्यात आगळ ओतून ते पाणी घालू लागले आणि म्हणाले, "हा क्रातेर. यात कालवायचं. आजचे ग्रीक तर वाईनला क्रासीच म्हणतात, वहिनी. मूळ अर्थ, मिसळणं." इथवर ठीक होते. नंतर त्यांनी मुलांना कोट्टाबोस शिकवला. पेल्याच्या तळाशी उरलेला घोट झटक्याने उडवून समोरच्या बशीवर नेमका मारायचा, असा हा ग्रीकांचा खेळ आहे. आमच्याकडे तातामीची, म्हणजे गवती चटयांची, एकच खोली आहे आणि ती भाड्याची आहे. मुलगी आनंदाने जपानीत ओरडत होती आणि मी फडके घेऊन गुडघ्यांवर बसले होते.

"हा डाग जाईल का हो, पेंडसे?"

"वहिनी, ग्रीकांच्या घरीसुद्धा हा प्रश्न कोणीतरी विचारतच असेल," ते म्हणाले आणि दुसरे फडके घेऊन शेजारी बसले.

असा हा माणूस. त्यांच्या ग्रीकला आम्ही सगळे हसत होतो. मीही हसले. त्या ग्रीकचा काही उपयोग असेल असे मला वाटले नव्हते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर मोरी-सान राहतात. पूर्वी बंदरात क्रेन चालवत. पत्नी गेल्यापासून एकटे असतात आणि संध्याकाळी सहाला शोचूची बाटली उघडतात. शोचू म्हणजे इथली कडक दारू. जपानात स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत. आपण शेजारच्याचा भरायचा, त्याने आपला. पण मोरी-सानच्या शेजारी कोणी नव्हते. डॉक्टरांनी बंद करायला सांगितले, तेव्हा ते नम्रपणे हो म्हणाले आणि परतताना कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानातून, नवी बाटली घेऊन आले.

बाटल्यांचा कचरा बाहेर ठेवण्याच्या दिवशी पेंडशांनी मोरी-सानचे खोके पाहिले. त्याच संध्याकाळी चहाची किटली घेऊन ते त्यांच्या दारात उभे राहिले.

हे मला पुष्कळ उशिरा कळले. गेल्या मार्चमध्ये पेंडशांचे कंत्राट संपले आणि पुण्याला परतायचे ठरले, तेव्हा ते आमच्याकडे आले आणि बराच वेळ चपलांकडे पाहत उभे राहिले.

"वहिनी, एक काम होतं. मी गेलो की मोरी-सान पुन्हा स्वतःच ओतून घेतील. आणि स्वतः ओतून घेणारा माणूस पाणी घालत नाही."

"अहो, पण मी? मला बाटलीचं झाकणसुद्धा उघडता येत नाही."

"ते तुमच्या फायद्याचंच आहे. तेवढाच वेळ जातो."

ते मला खाली घेऊन गेले. मोरी-साननी दोन पेले आधीच मांडले होते. मला पाहून तिसरा आणला. पेंडशांनी मोरी-सानच्या पेल्यात तळ झाकेल एवढी शोचू ओतली आणि मग पाणी घालू लागले. ते पाणी संपेना.

"आज फारच पातळ आहे," मोरी-सान म्हणाले.

"ग्रीकांचा नियम आहे, मोरी-सान. बैठकीला एक सिम्पोसिआर्खोस असतो. पाणी किती ते तो ठरवतो, बाकीच्यांनी ऐकायचं."

मोरी-साननी एक घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या या ग्रीसमध्ये पाऊस फार पडत असावा."

मग त्यांनी किटली उचलली आणि पेंडशांचा पेला चहाने काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी, इथल्या रीतीप्रमाणे.

जिना चढताना मी विचारले, "पुस्तकात खरंच इतकं पाणी सांगितलंय?"

"नाही. पुस्तकात दोनाला पाच, फार तर एकाला तीन. मी एकाला आठवर आणलंय. हळूहळू. तिथली काही पानं गळालेली आहेत ना, तेव्हा नियम नसेलच असं कोण म्हणेल?" पुढच्या पायरीवर ते थांबले. "आमचा थोरला भाऊ प्यायचा. तो बाटली घेऊन बसला की घरातले सगळे आतल्या खोलीत जात. आम्ही न पिणारी माणसं. बसणार तरी कसं, असं वाटायचं. इथे ऑफिसात पाहिलं, चहा घेऊनही बसता येतं."

एवढे बोलून ते भराभर वर गेले.

आता सहा वाजता मी खाली जाते. पहिल्या दिवशी संकोचाने मला पाणी ठरवणाऱ्याचा तो ग्रीक शब्दही आठवेना. मोरी-साननी तो मला अडखळत सांगितला, आणि मान खाली घालून पेला पुढे केला. एकाला नऊपर्यंत आम्ही आलो आहोत. पावसाविषयी ते रोज तक्रार करतात. मग किटली उचलून माझा पेला भरतात, आणि पेंडशांचा रिकामा पेला तसाच उचलून फळीवर ठेवून देतात. तो ते अजून रोज मांडतात.

बरोबर त्या वेळी पेंडशांचा फोन येतो. तिकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात.

"आज किती पाणी, वहिनी?"

मी सांगते. पावसाची तक्रारही कळवते. ते हसतात. परवा मी सहज विचारले, "तुमचा चहा झाला का?"

"हा काय, घेतोय." फोनवर कपात चहा पडल्याचा आवाज आला, आणि मग ते म्हणाले, "स्वतःच ओतून घ्यायची सवय गेली होती. सांडतो थोडा."

मी संकोची बाई आहे. पुण्यात आता माझे जवळचे असे कोणी राहिलेले नाही, म्हणून हे सारे लिहून अनोळखी लोकांना विचारते आहे. पेंडसे कोथरूडला एकटेच राहतात. ग्रीक न आले तरी चालते. किटली मात्र दोन्ही हातांनी धरावी लागते. आपल्यापैकी कोणी त्या बाजूला राहते का, आणि दुपारी अडीचला मोकळे असते का?