विमानाचे सभासद दगाआप्पा

कळसाडीत कुणी सभासद गोळा करायला आला, की लोक त्याला आधी आमच्या शेजारच्या दगाआप्पांकडे धाडतात. आप्पा नाही म्हणतच नाहीत. साखर कारखाना, पतपेढी, दूध सोसायटी, झालंच तर शहाद्याचं वाचनालय. वाचायचा चष्मा मात्र त्यांनी अजून केलेला नाही. "सभासद व्हयनं म्हंजे मानूस एकला नई ऱ्हास," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

परवा बंगळूरहून त्यांच्या लेकीनं, सुनंदानं, विमानाचं तिकीट पाठवलं. सुरतेहून, स्वस्तातलं. आप्पांचा हा पहिलाच विमानप्रवास. तिकिटाखाली ओळ होती : सभासद व्हा, पॉइंट मिळवा. आप्पा मोबाइल घेऊन थेट माझ्या ओट्यावर.

"गुरजी, आठे बी सभासद शे! साखर कवय वाटतस?"

"साखर नाही आप्पा, पॉइंट."

"मंग सभा कोठे ऱ्हास?"

मी पडलो गणिताचा मास्तर. म्हटलं, नियम वाचून सांगतो. वाचत गेलो तसा मलाच घाम फुटला. स्वस्त तिकिटावर पॉइंट कमी, गर्दीच्या दिवसांत चालणार नाहीत, चांदीच्या सभासदाला एक भाव, सोन्याच्याला दुसरा, आणि वर्षात वापरले नाहीत तर बाद.

आप्पा भडकले. "मन्हा बापना शेअर आजून जित्ता शे, नि हाई वरीसमा मरी जास?"

मग हळूच म्हणाले, "वारसनं नाव कोठे लिखानं?"

घरच्या माणसाला पॉइंट देता येतात, एवढं मला सापडलं. आप्पांचा चेहरा उजळला. "मंग सुनंदानं लिखा. मी जासू, पॉइंट तिले. त्यावर ती घर यी."

सुनंदा तीन दिवाळ्या आलेली नाही. सुटी मिळत नाही, मिळाली तर दिवाळीतलं तिकीट परवडत नाही. बायको गेल्यापासून आप्पा घरात एकटेच. दिवाळीला सभासदांना मिळणारी कारखान्याची साखर ते डब्यात जपून ठेवतात. लेक आली, की त्या साखरेचे लाडू करायचे.

"गुरजी, मी कितल्या खेपा जासू तवय ती एक खेप यी?"

मी नियम पुन्हा वर-खाली केले. हिशेब लागेना, लागला असता तरी माझ्याच्यानं सांगवला नसता. आप्पांना ते कळलं असावं.

"ऱ्हाऊ द्या," ते मोबाइल खिशात ठेवत म्हणाले. "विमानमा साखर चालस ना?"

"चालते, आप्पा."

दुपारभरात मला पक्कं ठाऊक असलेलं तेवढंच उत्तर होतं.