खंडेरावाच्या मानेवरची लाल खूण

त्या दुष्काळात टँकरचं पाणी आधी मेंढरं पीत, मग माणसं, आणि उरलंच तर अंघोळ. त्यात सगळं घर एकाच गोधडीत. खंडेरावाला खरूज झाली यात नवल नव्हतं. नवल हे, की नेमके त्याच आठवड्यात पिशोरचे पाहुणे त्याला बघायला येणार होते.

"सरकारी दवाखान्यात जा," आई पुतळाबाई म्हणाली.

"तिथं लई रांग असती!" म्हणत गडी छावणीच्या बाजारापर्यंत उन्हात पायी गेला. (रांगेत सावली असते, हे त्याला वाटेत आठवलं.)

"लगाके देखो भाई, सुबे तक खुजली गायब!" चादरीवर डब्या मांडलेला माणूस ओरडत होता. डबीवर डॉक्टरचा फोटो होता, सील नव्हतं, तारीख खरवडलेली. तारखेशी काय करायचंय, मुहूर्त थोडाच काढायचाय, असं म्हणून खंडेरावानं डबी घेतली आणि घरी येऊन सगळी मानेला चोपडली. अंगाची आग आग झाली. "झोंबतंय म्हंजी औषध जोरात हाय," तो नाचत म्हणाला.

सकाळी खाज होती तशीच. वर मानेची साल निघालेली आणि मलमाचा लाल रंग पक्का बसलेला.

पाहुणे आले. खंडेराव गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसला. पण खाज ती खाज. खाजवता खाजवता वरची गुंडी तुटून थेट मुलीच्या बापाच्या, सखारामच्या, चहात पडली.

सखारामचा जन्म मेंढरांत गेलेला. विकलेल्या मेंढराच्या मानेला गिऱ्हाईक नेईपर्यंत लाल खूण करतात. खंडेरावाच्या उघड्या पडलेल्या मानेकडं बघत त्यानं बशी खाली ठेवली.

"पुतळाबाई, ह्याला आधीच कुणी घेतलंय व्हय?"

खंडेरावानं मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. सखारामनं त्याची मान उजेडाकडं वळवली. "आरं, मेंढराला सुदिक मी असलं काय लावत नाय! ऊठ, दवाखान्यात चल."

"त्या डबीत औषध नव्हतंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जखम पिकली असती तर जिवावर बेतलं असतं. आता हे मलम घरातल्या सगळ्यांनी एकदमच लावा, गोधड्या उकळत्या पाण्यात धुवा."

संध्याकाळी सखारामचा फोन आला. "आमची अक्षदा समदं ऐकून हसून हसून लोळली. म्हणली, खोटं बोलला नाय, चालंल. पण खरूज बरी होईस्तोवर त्याला कळपापासनं लांब बांधा."

हुरळलेला खंडेराव खूण घासायला पाय घासायची वजरी घेऊन बसला. पुतळाबाईनं ती हिसकावून घेतली.

"राहू दे तेवढी. आता खरंच इकला गेलायस तू."